वाकोल्याला पोचवलेली बदली

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका युरोपला जाऊन आल्या की महिनाभर जिन्यात उभ्या राहून स्वित्झर्लंड सांगतात. मी वाकोल्याला जाऊन आले. हसू नका. अख्खा संसार मुलुंडात काढलेल्या बाईला वाकोला हे स्वित्झर्लंडइतकंच लांब. आमचं जग इकडे ठाण्याला संपतं आणि तिकडे फार तर दादरला. त्या पश्चिमेच्या अंगाला लग्नाकार्याशिवाय कोण जातंय? मी गेले ती आठ सप्टेंबरला, भर सुट्टीच्या दिवशी, आणि त्या वेळी माझ्या मांडीवर जे होतं ते बघितलं असतंत तर तुमचंही हसू पळालं असतं.

सुट्टी कसली होती ते आधी सांगते, कारण त्या दिवशी कोणालाच ते धड सांगता येत नव्हतं. ईद-ए-मिलाद खरं तर शुक्रवारी. शनिवारी अनंत चतुर्दशी. एका रस्त्यावर दोन गर्द्या नकोत म्हणून मुसलमान मंडळींनी आपला जुलूस पुढे ढकलला, आणि सरकारने सुट्टी उचलून सोमवारी नेऊन ठेवली. मधल्या रविवारी चंद्रग्रहण. सोमवारी आमचा पितृपक्ष सुरू, आणि त्याच सोमवारी ख्रिश्चनांच्या माउलीचा वाढदिवस. कॅलेंडरच्या एवढ्याशा चौकोनात सगळे देव, पितर आणि पीर दाटीवाटीने बसले होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक सुट्टीला गेटजवळच्या फळ्यावर शुभेच्छा लिहितात. मोहरमला 'हार्दिक शुभेच्छा' लिहून त्यांनी एकदा शिव्या खाल्ल्यात आणि गुड फ्रायडेलाही तेच करून दुसऱ्यांदा खाल्ल्यात. त्या सोमवारी त्यांनी फळा पुसून कोरा ठेवला होता. मी खाली उतरले तेव्हा बिचारे खडू हातात घेऊन नुसतेच उभे होते.

मुलुंड

माझी मुलगी केतकी तेव्हा बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. सातवा महिना. याआधीचं तिचं बाळ सातव्याच महिन्यात गेलं होतं, त्यामुळे तो महिना लागल्यापासून आमच्या घरात कोणी जोरात शिंकतही नव्हतं. सोनोग्राफीचा काळा-पांढरा फोटो तिने उशीखाली ठेवला होता. मिटलेले डोळे आणि एक चपटं नाक, बाकी सगळा धूर. तोच काढून काढून बघायची.

आणि घरात आई होती. माझी आई. नव्वदीला टेकलेली, मूळची सावंतवाडीकडची, जन्म गेला भांडुपच्या चाळीत तरी मालवणी सुटली नाही ती नाहीच. गेले काही महिने ती खुर्चीतून स्वतःहून उठत नव्हती, आणि तिच्या तोंडी एकच पालुपद होतं. "बदली देवची रवली गो."

बदली द्यायची राहिली. आता मी सरकारी कचेरीत जन्म काढलेली. बदली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गडचिरोली येते. मी तिला समजवायची, "अगं आई, मी रिटायर झाले. आता कोण करतंय माझी बदली?" माझा धाकटा भाऊ विजू भांडुपला राहतो, त्याचा तर्क वेगळा. आमचे बाबा गिरणीत बदली कामगार होते. रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. विजू म्हणायचा, "म्हातारीला बाबांची आठवण येतेय, दुसरं काय." दोघेही तोंडावर पडलो.

आईबद्दल अजून एक सांगायला हवं. तिने मला कधी मारलं नाही. ऐकायला छान वाटतं, नाही? विजूला ती लाटण्यापासून वहाणेपर्यंत हाताला लागेल त्याने धोपटायची. मला मात्र "तुका काय होया?" असं, पाहुणीला विचारावं तसं. पहिली भाकरी मला, माशाचा मधला तुकडा मला. मी सातवीत गणितात नापास झाले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि विजूच्या पाठीत दोन घातले. तो बिचारा पास होऊन आला होता! चाळीतल्या मैत्रिणी आईच्या माराची रडगाणी गायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. कोणाला सांगणार? लोक म्हणतील, सुख दुखतंय हिला.

तर रविवारी ग्रहण. केतकी म्हणाली, "आई, मी इंजिनियर आहे, मला हे असलं सांगू नकोस." म्हणाली, आणि संध्याकाळपासून सुरीला हात न लावता आतल्या खोलीत जाऊन पडली. सगळे लवकर झोपलो.

सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. ती कुशीवर झोपली होती, आणि तिच्या पोटाला लागून, पांघरुणात, एक बाळ निजलं होतं.

कप फुटला. केतकी जागी झाली, खाली बघितलं आणि किंचाळली नाही, नुसती मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. मी जवळ गेले. पिवळं पडलेलं झबलं, डोक्याला टोपरं. आत मेण. जुनं, हळदीच्या रंगाला आलेलं. हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, जिवणी किंचित उघडी, आणि डोळ्यांच्या जागी काळे दोन ठिपके, टक्क उघडे. डांबराच्या गोळ्यांचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. ते झबलं मी ओळखलं. माझ्या लहानपणच्या एकुलत्या एका फोटोत तेच माझ्या अंगात आहे.

दाराशी खुर्चीत आई बसली होती. वेणी घातलेली, धुवट पातळ नेसलेली. तिची ट्रंक माळ्यावर असते. कोणी काढली, कशी काढली, ती तिथवर चालत कशी आली, मला आजतागायत कळलेलं नाही. आम्ही कोणी तिला उचललं नव्हतं.

"ही बदली," ती म्हणाली. आवाज स्वच्छ. महिन्यांत ऐकला नव्हता असा.

मग तिने सांगितलं. मी नऊ महिन्यांची असताना मला ताप आला. उतरेना. डॉक्टरने सांगितलं, घरी घेऊन जा. चाळीतल्या शेजारीण सिलूबाय, ख्रिश्चन, त्यांचं माहेर वाकोल्याच्या गावठाणातलं. त्या आईला तिथल्या माउलीकडे घेऊन गेल्या.

"माउलीक सांगितलंय, ह्या पोर वाचूदे, मी तुका मेणाचा बाळ आणून देतंय. तुझो बापूस नाय होतो बदली? कायम माणूस इलो नाय की तेच्या जाग्यार उभो रवायचो. तसाच ह्या. पोरीच्या जाग्यार मेणाची पोर."

"मग दिलं का नाहीस?"

"इकत घेतलंय. आणि बघलंय तर तुझाच तोंड." आईने त्या मेणाकडे बघितलं. "माझ्यान देववला नाय. घराक घेवन इलंय."

इतकी वर्षं ते ट्रंकेत होतं. चाळीत आम्ही तिच्यावर पापड वाळत घालायचो, आत ते झोपलेलं. नाही, झोपलेलं नाही. डोळे उघडे होते.

"बदली पोचली नाय, तर माउली खरा पोर मागतली," आई म्हणाली. "केतकीचा आधीचा तिनाच नेल्यान."

असलं बोलणं पोटुशी पोरीसमोर! मी आईवर ओरडणार होते, तेवढ्यात केतकी भिंतीशी बसल्या बसल्याच म्हणाली, "आई, तू ते देऊन ये. माझा विश्वास नाही. अजिबात नाही. पण ते घरात आहे तोवर मी या पलंगावर झोपणार नाही." तिचे दोन्ही हात पोटावर होते. विश्वास माझाही नव्हता हो. पण माझ्या पोरीचं आधीचं बाळ मी हातात घेतलंय. परत तसं व्हायला नको होतं मला, आणि त्यासाठी वाकोलाच काय, कुठेही गेले असते.

भांडुप

पिशवीत ठेवावं म्हटलं तर मेण तडकेल अशी भीती. म्हणून टर्किश टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि रिक्षात बसले. रस्ता ओळखीचा, एलबीएस, आयुष्यभराचा. पण त्या दिवशी तो कोणीतरी घासून पुसून रिकामा केल्यासारखा होता. गणपती जाऊन दोन दिवस झालेले. मांडव अजून उभे, आतले दिवे चालू, झालरी हलताहेत, आणि मखरात कोणीच नाही. एका मांडवात एक कुत्रा नेमका देवाच्या जागी बसला होता आणि रस्त्याकडे बघत होता. गच्च्यांच्या कठड्यांवर पानं ठेवलेली, प्रतिपदेच्या श्राद्धाची, आणि प्रत्येक पानाभोवती कावळे. एरवी किती कलकलाट करतात. त्या दिवशी गप्प बसून होते.

विजू स्टेशनच्या अलीकडे नाक्यावर उभा होता. फोनवर त्याला फक्त 'ये' म्हटलं होतं.

"हे काय गं? कोणाचं पोर उचललंस?"

"बदली," मी म्हटलं. "बस आधी."

रिक्षा चालू झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. आमचा विजू म्हणजे मयतातही जोक मारणारा. पण तो टॉवेलाकडे बघत राहिला आणि हळूहळू सरकत पार पलीकडच्या बाजूला गेला.

"जरा मांडीवर घेतोस? माझा हात अवघडला."

"नाय बाबा. तुझी बदली, तू सांभाळ."

"घाबरलास?"

"घाबरतोय कशाला. साला मला एक सांग ताई, आयुष्यभर मला मार नि तुला तूप, ते ह्याच्यामुळे?"

मी टॉवेल नीट गुंडाळला. तो म्हणाला, "म्हणजे बघ ना. दुसऱ्याची वस्तू घरात असली की आपण कशी जपून वापरतो. आई तुला तसंच करायची. तुला परत द्यायचं होतं ना."

तो गमतीत बोलला होता. मला मात्र ते खरंच वाटलं. म्हणजे इतकी वर्षं मी त्या घरात उसनी होते.

घाटकोपर

घाटकोपरला अडकलो. जुलूस. हिरवे झेंडे, रंगीत कागदांनी सजवलेले ट्रक, पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं, भोंग्यातून नबीची स्तुती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, सप्टेंबरचं ते खास ऊन, ओलं आणि चिकट. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, बिडी काढली आणि म्हणाला, "अब आराम से बैठो, काकी."

आमच्या विसर्जनात आणि यांच्या जुलूसात मला फार फरक दिसेना. तेच ट्रक, तेच भोंगे, तीच नाक्यानाक्यावर पाणी वाटणारी माणसं. फक्त आमच्या मिरवणुकीत मध्ये कोणीतरी असतं, ज्याच्याकडे बघून हात जोडायचे. इथे ट्रक जात होते, लोक हात हृदयाशी नेत होते, आणि ट्रकवर मूर्ती नाही, तसबीर नाही. सकाळपासून रिकाम्या मखरांकडे बघत आलेली मी. अंगावर काटाच आला.

टॉवेल गरम लागायला लागला. आधी वाटलं माझ्याच हाताचा घाम. मग जाणवलं, आतलं मेण मऊ पडतंय. मांडीवर त्याचा आकार बसत चालला होता, झोपलेलं मूल कसं सैल आणि जड होतं तसं. सकाळी ते लाकडासारखं टणक होतं.

"विजू, हे वितळतंय रे. वाट लागली."

तेवढ्यात रस्त्याकडेच्या सरबताच्या मांडवातून एक बाई ट्रे घेऊन आली. माझ्याच वयाची, काळा बुरखा, चेहरा उघडा, कपाळावर घामाचे थेंब. गुलाबाचं सरबत, वर सब्जा. विजूने दोन ग्लास मारले. तिने माझ्या मांडीकडे बघितलं.

"बच्ची है?"

काय सांगणार? मी म्हटलं, "हां."

"कितने महिने की?"

"नौ." तोंडातून निघून गेलं. विजूने माझ्याकडे बघितलं.

ती वाकली. टॉवेलाचं टोक बोटाने जरासं बाजूला केलं. आता ही किंचाळणार, आता लोक जमणार, सुट्टीच्या दिवशी मेणाची बाहुली घेऊन फिरणारी बाई म्हणून पोलीस चौकीत जाणार. पण तिचा चेहरा एकदम निवळला.

"सो रही है," ती पुटपुटली. मग बोटाची पाठ गालाला लावली आणि कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, इसको तो बुखार है! कितना तप रही है बच्ची!"

खरं सांगते, त्या क्षणी मला भर उन्हात हुडहुडी भरली. बाई धावत मांडवात गेली आणि रुमालात बर्फ बांधून घेऊन आली. "सर पे रखो. और धूप मत लगने दो. अल्लाह शिफा दे." ट्रक पुढे सरकले, रिक्षा सुरू झाली, आणि ती बाई मागे उभी राहून माझ्याकडे अशा काळजीने बघत होती की मला तिला खरं सांगता आलं नाही. तिला दिसलं ते मला का दिसलं नाही, की तिला नजर कमी होती, देव जाणे.

पुढचा सगळा रस्ता मी तो बर्फ टोपऱ्यावर धरून बसले. आईने माझ्या डोक्यावर अशाच पट्ट्या ठेवल्या असतील.

"ताई," विजू म्हणाला, "तू त्याला थोपटतेयस."

मी हात काढून घेतला.

वाकोला

मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की गल्ली एकदम अरुंद होते आणि घरं बसकी. कौलं, लाकडी कठडे, दारात जुनं पितळी घंगाळ. मी कोकणातच आले की काय असं वाटलं. नाक्यावर दगडी क्रूस, त्याला झेंडूच्या माळा. आपल्याच दसऱ्याच्या माळा, तोच फुलवाला असणार. बाया नऊवारीसारखं लुगडं नेसलेल्या, केसांत फुलं, बोलणंही मराठी, फक्त गळ्यात मंगळसूत्राच्या जागी क्रूस. मी सिलूबायची चौकशी केली. कधीच्या गेल्या, मुलं गल्फला, घर बंद. मला वाईट वाटलं. त्या चाळीत होत्या तेव्हा नाताळला आमच्याकडे ताट यायचं.

माउलीचं देऊळ म्हणजे गल्लीच्या टोकाला एक छोटी खोली, निळा रंग, आत कडेवर बाळ घेतलेली माउली. बाहेर मेणाच्या दुकानांची रांग. आपल्याकडे नारळ-फुलं असतात ना, तशी यांची मेणाची. पण काय काय! मेणाचे हात, पाय, डोळ्यांची जोडी, काळीज. ज्याला जे दुखतं त्याने ते वाहायचं. शिवाय मेणाचं घर, आणि विमानसुद्धा, व्हिसा मिळावा म्हणून. एका बाजूला हात ओळीने टांगलेले, वाऱ्याने हलत होते, आपल्यालाच बोलावताहेत असे.

"ताई, एक टू बीएचके घेऊन टाकूया का?" विजू म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकलाच.

शेवटच्या दुकानात एक जाड बाई बसली होती. मी टॉवेल उघडला तशी तिची बडबड थांबली. तिने पोर हातात घेतलं, उलटं केलं, मानेखाली अंगठा फिरवला. तिथे मेणात एक जुना अंगठा उमटलेला होता.

"ही आमचे सासूचे हातची. ती असाच अंगठा दाबायची. तिच्या मागं साचा फुटला, मंग असलं तोंड परत आलं नाय." तिने माझ्याकडे बघितलं. "कवाची हाय ही? होती कुठं?"

"घरी."

तिने झटकन कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. "घरी? बाय, मेणाचं पोर घरात ठेवायचं नसतं गो! ते माणूस व्हायला बघतं."

एवढंच बोलली आणि पोर माझ्या हातात कोंबून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे एक म्हातारा मेणाचा गुडघा घेऊन, त्याच्यापुढे कुंकू लावलेली एक मुलगी, आपल्यातलीच, तिच्या हातात घर. आत टेबलाशी पांढऱ्या शर्टातले एक काका उभे होते. प्रत्येकाला विचारायचे, "कोणाच्या नावाने?" नाव मोठ्याने सांगायचं आणि वस्तू माउलीच्या पायाशी ठेवायची, अशी पद्धत.

दोन माणसं पुढे राहिली तेव्हा मी शेवटचं म्हणून टॉवेल बाजूला केला.

डोळे मिटले होते.

सकाळचे ते काळे ठिपके पसरून नाहीसे झाले होते आणि त्यांच्यावर मेण ओघळून पापण्या झाल्या होत्या. नाक चपटं झालं होतं. उन्हाने झालं, मला कळतंय, मी काही खुळी नाही. पण तो चेहरा मी रोज बघत होते. केतकीच्या उशीखालच्या फोटोतला. तेच नाक, तेच मिटलेले डोळे.

पुढचा माणूस सरकला, मी सरकले नाही. हे इथे ठेवायचं, या हाता-पायांच्या ढिगात? आणि उद्या वितळवून याची मेणबत्ती होणार? मी टॉवेल परत गुंडाळला, छातीशी धरला आणि मागे वळले.

विजू आडवा आला. "कुठे?"

"नाही रे होत. घरी नेते. नीट ठेवीन, ट्रंकेत. डांबरगोळ्या..."

"ताई." त्याने माझे दोन्ही दंड धरले. एवढा गंभीर मी त्याला बाबांच्या वेळीही बघितला नव्हता. "आई पण इथूनच परत फिरली होती."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि रांगेतल्या लोकांनी सवयीचं असल्यासारखी वाट दिली. तिथे सगळेच कशासाठी ना कशासाठी रडत असतात.

"कोणाच्या नावाने?" काकांनी विचारलं.

केतकीचं नाव जिभेवर आलं होतं. मग वाटलं, नाही, नवस माझ्यासाठी बोलला होता.

"विद्या."

"हे बाळ विद्याचं?"

"हे बाळ म्हणजेच विद्या. म्हणजे मी."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि माउलीच्या पायांकडे हात केला. मी ते पोर पायाशी ठेवलं. माझ्या हातांना त्याचा चिकटपणा राहिला होता. ते एका कुशीवर कलंडलं, आणि मी उलटपावली बाहेर आले. बाहेर आल्यावर हात इतके रिकामे वाटले की कुठे ठेवू ते कळेना.

आणि मग भूक लागली. सकाळपासून पोटात फक्त सरबत. गल्लीतल्या एका घरातून एका बाईने हाक मारून कागदावर गरम फुगे दिले, मैद्याचे, तळलेले, आतून पोकळ. आपल्या पुरीला गोळा केल्यासारखे. पितृपक्षात असं परक्या घरचं खावं का, हे आठवलं तेव्हा चौथा तोंडात होता.

परत मुलुंड

परतताना दोन ठिकाणी जुलूस लागले, एका ठिकाणी रिक्षा बंद पडली. बर्फाचं पाणी पर्समध्ये झिरपून माझा फोन गेला होता आणि विजू स्वतःचा घरीच विसरला होता. दिवेलागण होऊन गेली तरी आम्ही विक्रोळीलाच.

केतकीचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. दिवाळीनंतर महिन्याभराने तिला मुलगी झाली. धडधाकट, आवाज भोंग्यासारखा. नाक चपटं आहे. हे त्या मेणामुळे की चांगल्या डॉक्टरमुळे, यावर माझ्यात आणि केतकीत वाद नाही, कारण आम्ही दोघीही तो विषय काढत नाही.

मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. लिफ्टमधून बाहेर आले तर दार उघडं, आणि दारात आई. उभी. काठी न घेता, चौकटीला धरून. मागे केतकी, चेहरा उतरलेला.

"दिलंस?" आईने विचारलं.

"दिलं."

"तिच्या पायाशी?"

"हो गं. माझं नाव सांगून."

आईने डोळे मिटले. ओठ हलले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मला वाटलं आता ही पडणार, म्हणून मी धरायला पुढे झाले. तर तिने डोळे उघडले आणि कडाडली,

"मगे खय मेल्लंस इतको वेळ? फोन करूक हात मोडले होते? पोटुशी पोर घरात वाट बघून अर्धी झाली! अक्कल हा का नाय तुका?"

आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. असा तसा नाही, हात मागे नेऊन, सणसणीत. नव्वदीच्या बाईत एवढा जोर कुठून आला? मी कळवळून खालीच बसले. विजू जिन्यात ओरडला, "बसला! शेवटी बसला एकदाचा!" आणि केतकी पोट धरून हसायला लागली.

मी जमिनीवर बसून आईकडे बघत होते. ती अजून बडबडत होती, माझ्या ओल्या पर्सवरून, विसकटलेल्या केसांवरून, विजूसारखीच बेअक्कल निघालीस म्हणून. इतकी वर्षं तिने हे सगळं कुठे साठवलं होतं कोण जाणे.

पाठ दोन दिवस ठणकत होती. केतकी मलम घेऊन आली, पण मी लावू दिलं नाही.